न फिरलेली खुर्ची

ज्याच्या पावलांचा आवाज रोज माझ्या डोक्यावर वाजायचा, तो माणूस गेल्याची बातमी मला दोन गल्ल्या पलीकडच्या पाटलांनी येऊन सांगितली. काही आठवडे झाले, पण हा राग अजून उतरलेला नाही. उतरेल असं वाटत पण नाही, आणि उतरावा म्हणून मी काही करणारही नाही.

मनोहर माझा धाकटा दीर. बनशंकरीच्या आमच्या घरात खाली मी, वर तो. त्या सकाळी जिना उतरून तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबला, हातात कापडी पिशवी. म्हणाला, "वहिनी, जयनगरला जाऊन येतो. बटणं आणायचीत." मी विचारलं, "जेवायला येशील ना?" तर म्हणाला, "स्वल्प उशीर होईल. झाकून ठेवा." मी भेंडीची भाजी झाकून ठेवली. आणि हा निघाला होता दवाखान्यात भरती व्हायला! हृदयाच्या नळ्या तुंबलेल्या, डॉक्टर ठरलेले, दिवस ठरलेला, सगळं ठरलेलं... आणि एकटा, ऑटो करून, बाजाराला निघाल्यासारखा. दुपार कलल्यावर पाटील दारात उभे राहिले. पाटील आमच्याच बेळगावकडचे, बाहेर चपला न काढता कधी आत पाऊल टाकणार नाहीत. त्या दिवशी चपलांसकट थेट स्वयंपाकघरात आले. मी त्यांच्या पायांकडे बघूनच समजले. शस्त्रक्रिया चालू असतानाच गेला, म्हणाले. आपलं माणूस म्हणून मनोहरनं दवाखान्यात नंबर दिला होता तो पाटलांचा. माझा नाही.

संध्याकाळी त्याची पिशवी माझ्या हातात आली. टॉवेल, चष्म्याचं घर, बदलायचा शर्ट... आणि तळाशी कागदात गुंडाळलेली बटणं. हिरवी, मोठी, कोटाला लावतात तसली. म्हणजे आधी जयनगरला उतरला, शिवणाच्या सामानाच्या दुकानात उभा राहून बटणं निवडली आणि मग तिथनं दवाखान्यात गेला. खोटं बोलला, असंही मला म्हणू देत नाही हा माणूस!

बटणांचं काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल माझा दीर शिंपी होता. तो एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता, यंत्रांची चित्रं काढण्यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर परदेशातनं आलेल्या एका जुन्या सहकाऱ्यानं त्याला एक खोकं भेट दिलं. आत लढाईचा खेळ. लढाईचा खेळ म्हटलं की आपल्याला बुद्धिबळ आठवतं, पण हे ते नव्हे. हे म्हणजे टेबलभर नकाशा, त्यावर मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं, नखाएवढे पुठ्ठ्याचे तुकडे म्हणजे पलटणी, आणि नियमांचं पुस्तक एवढं जाड की त्यापेक्षा लग्नाचा अल्बम परवडला. घोडदळ चिखलातनं किती घरं जाणार, रसद तुटली तर उपासमार कधी सुरू होणार, टेकडीवरनं तोफ कुठवर पोचणार... मनोहरनं ते सगळं वाचून काढलं आणि पुस्तक आपटून म्हणाला, "खेळ झकास आहे वहिनी, पण खेळायला माणसं कुठनं आणायची? हे वाचतानाच निम्मी पळून जातील." मग त्यानं कात्री घेतली. खरोखरची कात्री. नियमांच्या झेरॉक्स काढून आणल्या आणि नको ते कापत बसला. उरलं ते एका जाड कागदावर मावलं, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवरचे आकडे आमच्या वयाच्या डोळ्यांना कुठले दिसायला, म्हणून पलटणींची झाली बटणं. तांबडी फौज, निळी फौज, पांढरी, काळी. लहान बटण म्हणजे पायदळ, मोठं बटण म्हणजे घोडे. नकाशा माझ्या जुन्या पलंगपोसावर काढला. परदेशी गावांची नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, तेव्हा देशच आपला केला... मधनं ताकनदी, उत्तरेला खलबत्त्याचा किल्ला, दक्षिणेला मिरचीघाट. एकदा पाटील म्हणाले, आपल्या बेळगावचा नकाशा काढ की! मनोहर म्हणाला, "नको रे बाबा. ती लढाई टीव्हीवर बघतोस तेवढी पुरे."

हे सगळं त्यानं कशासाठी केलं ते मला ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे म्हणूनच राग जास्त. आमचे हे अंथरुणाला खिळून, झिजत झिजत गेले. ते गेल्यावर मी आतल्या खोलीतनं बाहेर यायची बंद झाले होते. लोक येत, बसत, "धीर धरा" म्हणत, जात. मनोहर काहीच म्हणाला नाही. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर त्यानं तो पलंगपोस पसरला, शेजारच्या शारदम्मांना आणि पाटलांना बोलावून बसवलं आणि माझ्या दाराशी येऊन वैतागल्यासारखा म्हणाला, "वहिनी, खलबत्त्याच्या किल्ल्यावर कुणी नाही. पाटील घुसतील. जरा येऊन बसता का?" मी गेले. कुणाचं सांत्वन ऐकायला गेले नसते, पण पाटील घुसतील म्हटल्यावर गेले. त्या टेबलानं मला बाहेर काढलं. मनोहरला बाहेरचे सगळे अण्णा म्हणत; म्हणून कुणी त्या खेळाला "अण्णांचा टाइमपास" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

त्याचे दोन नियम मूळ पुस्तकात कुठंच नव्हते. पहिला, हरला तो पाऊस. ज्याचा शेवटचा किल्ला पडला त्यानं उठून जायचं नाही, त्यानं पाऊस व्हायचं. दर डावाला तो बोट ठेवील त्या घरात चिखल, तिथं कुणाची फौज हलणार नाही. शारदम्मा मुद्दाम लवकर हरायच्या, असा मला संशय आहे. पाऊस झाल्या की त्यांची मान अशी ताठ व्हायची की बस्स. आणि दुसरा नियम म्हणजे चहाचा तह. चहाचा ट्रे आला की लढाई थांबली, फासे वाटीत. चहा पिऊन झाला की सगळ्यांनी उठायचं आणि एक खुर्ची डावीकडे सरकायचं. जिथं बसाल ती फौज तुमची. आतापर्यंत ज्याला घेरलंत, त्याच्याच किल्ल्यात आता तुम्ही बसलेले. एकदा पाटलांनी शारदम्मांचा मिरचीघाट असा आवळून धरला, रसद तोडली, पूल तोडला, मिशीला पीळ काय नि काय! तेवढ्यात मी चहा आणला. सरकले एक खुर्ची, बसले मिरचीघाटात, आणि चारी बाजूंनी ती निळी बटणं बघून कळवळून म्हणाले, "अरे देवा, हा कोण राक्षस आहे?"

"अय्यो, तुमीच की पाटील!" शारदम्मा म्हणाल्या. "स्वल्प लाज वाटू द्या."

निखिल आमच्यात आला तो नंतर. पुण्याचा मुलगा, इथं शहराच्या दुसऱ्या टोकाला महादेवपुऱ्यात आयटीत नोकरी. असले खेळ त्यानं कपाटभर जमवलेले, मनोहरचं नाव कुणाकडनं तरी ऐकून आला. पहिल्याच दिवशी वाद. "अण्णा, पण हे रूल्समध्ये नाहीये! खुर्चीच बदलायची तर स्ट्रॅटेजीला काय अर्थ राहिला?" मनोहर म्हणाला, "आहे की. आता समोरच्याला किती ठेचायचं, ते आधी ठरवायला लागतं." निखिल कपाळाला आठ्या घालून खेळला आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी हजर झाला.

मनोहर स्वतः मात्र खेळत नसे. तो पंच. फ्रिजला लागून वेताची खुर्ची, तिच्यावर बसून सगळा नकाशा बघायचा, भांडणं सोडवायचा. ती खुर्ची फिरत नसे. मी एकदा म्हटलंही, "आम्हाला उठाबशा काढायला लावतोस, आणि तुझी खुर्ची?" तर म्हणाला, "पंच हलला तर खेळ मोडतो, वहिनी." सगळे हसले. आता ते वाक्य आठवलं की भांडं फेकून मारावंसं वाटतं... कुणाला मारू?

गेल्या काही महिन्यांत त्या खुर्चीत बसल्या बसल्या तो छातीवर हात चोळायचा. जिना चढताना मध्येच थांबून कुंडीतलं रोप न्याहाळल्यासारखं करायचा. मी विचारलं नाही असं नाही हो. विचारलं, ओरडले, जीव खाल्ला त्याचा. दर वेळी एकच, "काही नाही वहिनी, स्वल्प गॅस झालाय." मी ओव्याचं पाणी करून दिलं. नळ्या तुंबलेल्या माणसानं माझ्या हातचं ओव्याचं पाणी सगळं पिऊन पेला विसळून ठेवला आणि वर सांगितलं, "बरं वाटलं." ही कुठली माया म्हणायची? मला तर ती चेष्टा वाटते.

दिवसकार्याला नातेवाईक जमले. एक चुलत सासरे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कुणाला त्रास दिला नाही. सुखाचं मरण." मी पानं वाढत होते. वाढता वाढता थांबून म्हटलं, "मामंजी, अनोळखी माणसांच्या मधे, भुकेल्या पोटी, हात धरायला कुणी नाही... ह्यात सुख कुठलं ते मला दाखवा." मोठ्यांना असं बोलत नाहीत, ठाऊक आहे मला. बोलले. त्यांनी लाडू मागितला, तो वाढला.

पंगत उठल्यावर मी पाटलांना मागच्या अंगणात गाठलं. तुम्हाला ठाऊक होतं ना, म्हटलं. मान खाली. कधीपासनं? तर पहिल्या तपासणीपासनं. "त्यानं शपथ घातली होती, अक्का."

"कुणाची?"

"तुमचीच."

मला हसू आलं, इतका राग आला. "आणि काय म्हणून लपवायचं?"

पाटलांनी अंगणातला नळ घट्ट पिळून बंद केला. मग म्हणाले, "म्हणाला, वहिनींनी एकाचं सगळं बघितलंय. परत नको. आपण जाऊन, दुरुस्त होऊन आल्यावरच सांगू."

घ्या! मला काय झेपेल नि काय नाही, ते ह्यानं ठरवलं. नवऱ्याचं मी सगळं केलं, खंगत गेलेला देह या हातांनी पुसला, आणि ते अवघड होतं म्हणून मला पुन्हा ते नको होतं, असं कुणी सांगितलं याला? मला हवं होतं. दवाखान्यातल्या त्या बाकावर बसायचं होतं मला, डॉक्टरांशी भांडायचं होतं, आत नेताना "ये लवकर, भाजी झाकून ठेवलीय" म्हणायचं होतं. जो माणूस सगळ्यांना दुसऱ्याच्या अडचणीत नेऊन बसवायचा, त्यानं स्वतःच्या अडचणीत मात्र एकालाही बसू दिलं नाही. मी पाटलांना म्हटलं, "आता रविवारी यायचं नाही." ते गेले. रविवार तसाही बंदच होता.

त्यात निखिलचा फोन आला. "काकू, आम्ही अण्णांच्या नावानं टूर्नामेंट ठेवलीय, ऑफिसजवळच्या कॅफेत. तुम्ही चीफ गेस्ट. दीपप्रज्वलन तुमच्या हस्ते." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शारदम्मांना घेऊन गेले, त्यांना खेळायचं होतं. आत पाऊल टाकलं आणि बघते तर भिंतीवर मनोहरचा मोठा फोटो, खाली त्याचं नाव नि पुढं 'मेमोरियल कप', आणि टेबलांवर तीच जाडजूड नियमांची पुस्तकं, नखाएवढे पुठ्ठ्याचे तुकडे, प्रत्येकाच्या कोपराशी टिकटिक करणारं घड्याळ. कापलेलं सगळं परत जोडून ठेवलेलं! शारदम्मा पहिल्या फेरीतच हरल्या. त्यांनी सवयीनं विचारलं, "आता मी पाऊस काय?" समोरचा मुलगा गोंधळला, म्हणाला, "नो आंटी, यू आर आउट." आणि त्यांना भिंतीच्या कडेच्या खुर्चीवर नेऊन बसवलं, प्रेमानं, पाण्याची बाटली देऊन. त्या पर्स मांडीवर घेऊन बसल्या. तेवढ्यात कागदी कपांतनं कॉफी आली. कुणी मान वर केली नाही. एका हातात कप, दुसऱ्या हातात पलटण, घड्याळ चालूच... माझ्यानं बघवेना.

मी उभी राहिले आणि घरात ओरडते तसं ओरडले, "फासे खाली! कॉफी आली दिसत नाही? उठा सगळे, खुर्च्या बदला!"

सगळे बघायला लागले. निखिल धावत आला. "काकू, काकू, प्लीज... ही रँकिंग मॅच आहे."

"मग त्याचं नाव काढ भिंतीवरनं आणि काय खेळायचं ते खेळ. शारदम्मांना भिंतीला बसवून त्याची आठवण काढता होय रे?"

मला वाटलं हा गयावया करेल. तो चिडला. लाल झाला. "तुम्हालाच राग येतो का काकू? मला नाही? दर रविवारी एवढ्या ट्रॅफिकमधून कुणासाठी यायचो मी? माझी नोकरी गेली होती तेव्हा आधी अण्णांना सांगितलं, ऋचाला नंतर. बायको आहे माझी ती! आणि ते? स्वतःचं एक अक्षर बोलले नाहीत. आदल्या रविवारी मला म्हणतात, ऋचाला घेऊन ये पुढच्या वेळी, तिच्यासाठी नवी फौज करू, कुठला रंग आवडतो तिला विचार. ऋचा म्हणाली हिरवा, मी फोन करून कळवलं पण. पुढच्या वेळी! असं म्हणाले ते! मग मी काय करायला हवं होतं? तुमच्याकडे येऊन ती रिकामी खुर्ची बघत बसायचं? काहीतरी करायचं होतं मला. हे जमलं, हे केलं."

हिरवा. तोवर मला ठाऊक नव्हतं ती बटणं कुणासाठी ते. दवाखान्याच्या पायऱ्या चढायच्या आधी हा एका मुलीसाठी फौज निवडत होता. परत येऊन मांडणार होता म्हणे... इतकी खात्री! निखिलपासनं पण सगळं तसंच झाकून ठेवून गेला होता तो. निखिल स्टुलावर चढला, भिंतीवरचा कापडी फलक सोडवला, वेडीवाकडी घडी घातली आणि माझ्या हातात दिली. खेळ पुढं चालू राहिला, घड्याळांसकट. मी म्हटलं, "रविवारी ये. ऋचाला आण. हिरवी बटणं माझ्याकडं आहेत." परतताना ऑटोत शारदम्मा म्हणाल्या, "अक्का, स्वल्प जास्तीच झालं तुमचं." मी म्हटलं, "होऊ दे." थोडं पुढं गेल्यावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "बरं केलंत पण."

घरी आल्यावर मी त्यांच्याकडनंच पाटलांना निरोप धाडला. माफ केलेलं नाही म्हणावं, पण डावाला माणूस कमी पडतंय.

रविवारी सगळे आले. पाटलांनी चपला दाराबाहेर इतक्या लांब काढल्या की जणू देवळात आलेत. पलंगपोस पसरला, त्याच्या घड्या बसल्या होत्या, ताकनदी मधेच उंच झाली होती. कागदाची पुडी मी ऋचासमोर ठेवली. तिनं ती सोडली नाही, नुसती चाचपली, मग निखिलनं सोडली. हिरवी फौज खलबत्त्याच्या किल्ल्यावर उतरली. नियम विचारायला सगळ्यांच्या माना फ्रिजकडं वळायच्या आणि परत यायच्या. त्या वेताच्या खुर्चीला कुणाचा साधा धक्का लागत नव्हता. तिच्या हाताला त्याच्या पंजानं गुळगुळीत झालेला एक भाग आहे, आता कळतं, कळ आली की तो दाबून धरायचा ती जागा. पाटील शारदम्मांशी भांडले, शारदम्मा हरल्या, पाऊस झाल्या, त्यांनी पहिला चिखल पाटलांच्याच दारात केला. मी चहा आणला. सगळ्यांनी प्याला. सवयीनं उठले, डावीकडं सरकणार, तेवढ्यात मी म्हटलं, "थांबा. ती पण."

"कुठली?" पाटील म्हणाले, पण त्यांना समजलं होतं.

"ती खुर्ची पण फिरणार आजपासनं. पंच हलला म्हणून खेळ मोडत असेल तर मोडू दे. आणि तिच्यावर जो बसेल त्याला बाकीच्यांनी विचारायचं, आणि त्यानं खरं सांगायचं. काही नाही, ठीक आहे, गॅस आहे, असलं चालणार नाही. हा नियम मी घालतेय. आवडत नसेल त्यानं आताच निघावं."

कुणी निघालं नाही. पण तिच्याकडं कुणी सरकेना पण. मग मीच गेले. वेत करकरला. तिथनं सगळा नकाशा दिसतो, खरं आहे. आणि सगळ्यांचे चेहरे दिसतात, हे मला ठाऊक नव्हतं. कोण दमलंय, कोण रडून आलंय, सगळं दिसतं तिथनं. एवढं सगळं बघत बसायचास होय रे, आणि स्वतः...

शेवटी पाटलांनी घसा साफ केला. माझ्याकडं न बघता, आपल्या कपाकडं बघत म्हणाले, "अक्का, गुडघा कसा आहे तुमचा?"

"काही नाही हो, स्वल्प..." माझ्या तोंडातनं निघालं, आणि तिथंच अडकलं. हात त्या गुळगुळीत जागेवर होता.

"दुखतोय," मी म्हटलं. "फार दुखतंय, पाटील."

त्यांनी कप खाली ठेवला. शारदम्मांनी आपली खुर्ची ओढून माझ्याजवळ घेतली. मग कितीतरी वेळ फासे वाटीतच राहिले.